परदेशात गेलेले लोक आपल्याच लोकांच्या शेजारी का राहतात?

आडवाट
लंडनमध्ये साउथॉल पंजाब्यांचं. बर्लिनमध्ये क्रॉइत्सबर्ग तुर्कांचं. कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टर व्हिएतनामींचं. कुठल्याही मोठ्या शहराचा नकाशा उघडा, असे ठिपके सापडतातच. मला यातली मूळ गोष्टच कळत नाही. घरदार सोडून, कर्ज काढून एवढ्या लांब जायचं आणि तिथे पोचल्यावर पुन्हा आपल्याच माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहायचं, तर मग गेलात कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. यात नुकसान आहे, आणि जास्त नुकसान येणाऱ्यांचंच आहे. नवी भाषा शिकायची निकड राहत नाही, नोकरी आपल्याच माणसाकडे, डॉक्टर आपलाच, वकील आपलाच. वीस वर्षं राहूनही माणूस त्या देशात गेलेलाच नसतो. सरकारने नव्याने येणाऱ्यांना सुरुवातीपासूनच गावोगाव पांगवून वसवावं असं मला वाटतं.

बाहेर राहिलेल्यांनी अनुभव लिहावेत. कुठल्याही धर्माचा उद्धार करू नये, नाहीतर संपादक धाग्याला कुलूप लावतील.

कोरा_कागद
शतकी धागा होणार. पहिल्या बाकावर रुमाल टाकून ठेवतो.

सावली
आडवाट, तुम्ही कधी परक्या देशात भाड्याने खोली शोधली आहे का? खोचकपणे नाही, खरंच विचारते.

घरमालक मागतो ते कागद असे: गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या घरमालकाचं पत्र, बँकेतली पत, आणि त्याच देशात राहणारा जामीनदार. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे यातलं एकही नसतं, आणि ते मिळवायला आधी पत्ता लागतो. बँकेत खातं उघडायचं तर पत्त्याचा पुरावा द्या, पत्ता हवा तर खातं दाखवा. मी या चक्रात फिरून थकले होते. शेवटी माझी भाषा बोलणाऱ्या, ओळखीच्या ओळखीतल्या एका बाईंनी फोनवर दोन मिनिटं बोलून खोली दिली. कागद मागितला नाही. जामीन एकच, मी कोणाची कोण ते त्यांना कळलं होतं.

आपलेपणा, संस्कृती वगैरे नंतर सुचतं. आधी किल्ली हातात पडावी लागते.

जुना_खलाशी
सावलीताईंनी नेमका मुद्दा धरला. यालाच अभ्यासक साखळी स्थलांतर म्हणतात. एक जण जातो, जम बसवतो, मग भाऊ येतो, मग मेहुणा, मग गावातली चार पोरं. पत्त्याच्या चिठ्ठीवर ज्या गल्लीचं नाव असतं त्याच गल्लीत सगळे उतरतात. शहर कोणी निवडत नाही, माणूस निवडतो. शहर त्या माणसाबरोबर येतं.

न्यूयॉर्कमधल्या इटालियन वस्तीचं उदाहरण मला फार आवडतं. १८८० नंतरच्या लाटेत दक्षिण इटलीतून लाखो लोक अमेरिकेत गेले. मॅनहॅटनमध्ये मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे आणि दोनच रस्ते पलीकडे एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे. काही इमारतींत तर एकाच गावची बिऱ्हाडं. बाहेरच्याला ती सरसकट 'इटालियन वस्ती' दिसायची. आत राहणाऱ्यांना एकमेकांची बोली धड कळायची नाही, लग्नं जुळायची नाहीत. 'आपण सगळे इटालियन' ही भावना घरून आलेली नव्हती. इटली हा एकसंध देशच मुळी १८६१ चा. ती भावना त्या गल्ल्यांत, दोन-तीन पिढ्यांत तयार झाली, आणि त्यात बाहेरच्यांनी मारलेल्या शिक्क्याचा वाटा मोठा होता.

म्हणून 'आपल्या माणसांत राहतात' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. 'आपली माणसं' कोण, हेसुद्धा पुष्कळदा तिथे गेल्यावरच ठरतं.

तिरकस
म्हणजे ज्यांच्याशी गावात बांधावरून भांडण होतं, परदेशात त्यांच्याच गळ्यात गळा. अंतर वाढलं की प्रेम वाढतं हे खरंच म्हणायचं.

अर्धवट_गणिती
तुम्ही सगळे कारणं शोधताय. कारण फार मोठं असावंच लागतं असं नाही.

थॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये एक नमुना मांडला. (२००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेले तेच, पण ते पारितोषिक व्यूहसिद्धान्तातल्या म्हणजे गेम थिअरीतल्या कामासाठी.) चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी विस्कटून ठेवायची, काही घरं रिकामी सोडायची. नियम इतकाच: प्रत्येक नाण्याला आजूबाजूच्या शेजाऱ्यांत निदान एक तृतीयांश आपल्यासारखे हवेत. तेवढे असले की ते समाधानी. नसले तर ते उठून रिकाम्या घरात जातं. म्हणजे शेजारी बहुसंख्य परके असले तरी कोणाची तक्रार नाही. तरीही थोड्या खेळ्यांनंतर पट दोन रंगांत स्वच्छ फाटतो.

कोणीही कोणाचा द्वेष केलेला नाही, वेगळी वस्ती कोणाला हवीच नव्हती, आणि तरी ती झाली. घरी नाणी घेऊन करून बघा, अर्ध्या तासात होतं.

वेशीबाहेर
@अर्धवट_गणिती, नमुना सुंदर आहे पण त्यातली नाणी मोकळी आहेत. कुठल्याही रिकाम्या घरात जाऊन बसतात. माणसांना तसं जाऊ देतात का? मला हा धागा 'लोक एकत्र का राहतात' असा विचारतो याचंच आश्चर्य वाटतं. 'त्यांना दुसरीकडे राहू कोणी दिलं' हे आधी विचारा.

व्हेनिसने १५१६ मध्ये ज्यूंना एका बेटावर राहायची सक्ती केली. रात्री फाटकं बंद, बाहेर पहारा, आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंकडूनच वसूल. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायची बंदी झाली, ती १९४३ पर्यंत टिकली आणि उठली तेव्हा वर्षाला १०५ जणांना प्रवेश. जे आधीच तिथे होते त्यांना शहरात इतरत्र घर मिळत नसे. घराच्या खरेदीखतातच अट असायची की हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकू नये. अशा अटी न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं आणि घरांबाबत भेदभाव करायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९६८ चा.

आता सॅन फ्रान्सिस्कोचा चायनाटाउन घ्या. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत तो संपूर्ण जळाला. शहराच्या पुढाऱ्यांना संधीच मिळाली. त्या मोक्याच्या जागेवर डोळा होताच, चिन्यांना शहराच्या कडेला हंटर्स पॉइंटला हलवायचा बेत झाला. चिनी व्यापाऱ्यांनी काय करावं? त्यांनी गोऱ्या वास्तुविशारदांना कामाला लावून उतरत्या छपरांच्या, मनोऱ्यांच्या, रंगीत इमारती उभ्या केल्या. उद्देश असा की गोऱ्या गिऱ्हाइकाला ते प्रेक्षणीय वाटावं, शहराला त्यातून पैसा मिळावा आणि आपल्याला कोणी उठवू नये. ते दृश्य चीनमधल्या कुठल्याही शहराची नक्कल नव्हतं. पुढे इतर शहरांतल्या चायनाटाउनांनी तोच साज उचलला.

पर्यटक त्याला 'परंपरा जपली आहे' म्हणतात. तो विमा होता.

तिरकस
@वेशीबाहेर, शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

जुना_खलाशी
अवांतर, पण राहवत नाही. त्याच आगीत शहरातले जन्माचे दाखले जळाले. मग अनेक चिन्यांनी 'मी इथेच जन्मलो, कागद जळाला' असं सांगितलं. जन्माने नागरिक ठरलं की चीनमधल्या मुलांनाही आणता येतं. त्यामुळे कागदावर मुलगे वाढले, कोणाचा पुतण्या, कोणाच्या गावचा पोरगा 'मुलगा' म्हणून आला. बंदरावरचे अधिकारी तासन्‌तास उलटतपासणी घ्यायचे: घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला. पोरं बोटीवर पाठांतर करायची. साखळी तोडायला कायदा केला की साखळी कागदावर चालते, तोडणाऱ्यापेक्षा जोडणारा चिवट.

आडवाट
प्रतिसादांबद्दल आभार. पण वेशीबाहेर, तुमची सगळी उदाहरणं जुनी आहेत. आज तशा अटी नाहीत, फाटकं नाहीत. तरी ठिपके आहेतच. त्याचं काय?

भाडेकरू
मी बर्लिनमध्ये राहतो, म्हणून क्रॉइत्सबर्गबद्दल चार ओळी.

पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला १९६१ मध्ये. आलेले कामगार पाहुणे समजले जायचे, काम संपलं की परत. सुरुवातीला ते कारखान्यांच्या वसतिगृहांत होते. १९७३ मध्ये भरती थांबवली, आणि झालं उलटंच. एकदा गेलो तर परत येता येणार नाही हे कळल्यावर लोकांनी परतायचं सोडून बायकामुलांनाच बोलावून घेतलं. आता कुटुंबाला घर हवं. क्रॉइत्सबर्ग तेव्हा बर्लिनच्या भिंतीला लागून, पश्चिम बर्लिनच्या टोकाला अडकलेला भाग. जुन्या इमारती पाडायचं ठरलेलं, त्यामुळे मालक डागडुजी करत नव्हते आणि पाडकाम होईपर्यंत मिळेल त्याला स्वस्तात भाड्याने देत होते. जर्मन कुटुंबं तिथे जायला तयार नव्हती. तुर्कांनी क्रॉइत्सबर्ग निवडलं असं म्हणण्यापेक्षा ते त्यांच्यासाठी उरलं होतं.

आता तुमच्या मूळ सूचनेकडे. ती करून झाली आहे. पश्चिम बर्लिनने १९७५ मध्ये क्रॉइत्सबर्ग, वेडिंग आणि टिअरगार्टन या तीन भागांत परदेशी लोकांना नव्याने राहायला जायला बंदी घातली. लोक तरीही राहत होते. फरक एवढाच की पत्ता एकीकडचा आणि बिऱ्हाड दुसरीकडे. नोंद नाही म्हणजे शाळाप्रवेश अवघड, तक्रार करणं अवघड. भाडं वाढवायला मालक मोकळा.

दूरदेशी
पांगवण्याची आणखी दोन उदाहरणं, दोन्ही फसलेली.

ऑगस्ट १९७२. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. ब्रिटनमध्ये साधारण २८ हजार आले. सरकारने पुनर्वसन मंडळ नेमलं आणि देशाचे लाल आणि हिरवे असे भाग पाडले. लाल म्हणजे आधीच आशियाई वस्ती आहे, तिथे जाऊ नका. हिरवा म्हणजे इथे जा. इंग्लंडमधलं लेस्टर शहर अर्थातच लाल. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. लोक लेस्टरलाच गेले. कित्येकांनी नंतर सांगितलं की हे शहर ब्रिटनमध्ये आहे हे त्यांना त्या जाहिरातीमुळेच कळलं.

दुसरं १९७५ चं. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी सायगाव पडल्यावर सुमारे १ लाख ३० हजार निर्वासित अमेरिकेत आले. चार लष्करी तळांवर ठेवून, प्रायोजक शोधून त्यांना मुद्दाम देशभर विखुरलं. एका गावात एक कुटुंब, दुसऱ्या गावात दोन. हेतू हाच की कुठल्याही एका गावावर भार नको आणि वस्ती होऊ नये. काही वर्षांत ही कुटुंबं आपापल्या खर्चाने सामान बांधून कॅलिफोर्नियात, टेक्सासमध्ये एकत्र आली. वेस्टमिन्स्टरचं लिटल सायगाव तसंच उभं राहिलं. १९८८ मध्ये तर महामार्गावर त्या नावाची सरकारी पाटी लागली.

सरकारने विखुरलेलं लोकांनी गोळा केलं. दुसऱ्या स्थलांतराचा खर्च मात्र त्यांच्याच खिशातून गेला.

कोरा_कागद
लेस्टरच्या त्या जाहिरातवाल्याला पर्यटन खात्यात बढती मिळायला हवी होती.

नीलमोहर
व्हिएतनामींचा विषय निघालाच आहे तर हे वाचाच. त्याच १९७५ मध्ये टिपी हेड्रन ही हॉलिवूडची अभिनेत्री सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत मदतीला जायची. तिथल्या बायकांना तिची नखं फार आवडली. तिने आपली नखं करणारी बाईच तिथे आणली आणि वीस जणींना शिकवायला लावलं. त्या वीस जणींनी बहिणींना, नणंदांना शिकवलं. परवान्यासाठी लागणारा वेळ कमी, इंग्रजी फार लागत नाही, भांडवल थोडं. आज कॅलिफोर्नियात नखं करणाऱ्यांत व्हिएतनामी बहुसंख्य आहेत.

'अमुक लोकांच्या रक्तातच तो धंदा आहे' असं कोणी म्हणालं की मला या वीस जणी आठवतात.

कष्टकरी
सगळे गोडच लिहीत आहेत म्हणून कडू बाजू.

मी आपल्याच भाषेच्या माणसाकडे कामाला होतो. पहिल्या दिवशी खांद्यावर हात, 'तू घरचाच'. घरचाच म्हणून ओव्हरटाइम नाही, घरचाच म्हणून पगार 'पुढच्या महिन्यात एकदम', घरचाच म्हणून राहायची खोली त्याचीच आणि भाडं पगारातून कापून. दुसरी नोकरी बघतो म्हटलं तर 'तुला इथे आणला कोणी?' स्थानिक मालकाकडे असतो तर निदान तक्रार कुठे करायची ते विचारलं असतं. इथे तक्रार केली की सगळ्या वस्तीत तोंड दाखवायची सोय नाही, आणि गावाकडे आईच्या कानावर जातं ते वेगळंच.

वस्ती आधार देते हे खरं. त्या आधाराची वसुलीही तीच करते.

चष्मिष्ट
@कष्टकरी, तुमचा अनुभव हा समाजशास्त्रातला एक जुना वाद आहे. अलेहांद्रो पोर्तेस आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास मायामीतल्या क्यूबन लोकांवरून मांडलं की आपल्याच लोकांच्या धंद्यात काम करणाऱ्याला बाहेरच्या दुय्यम नोकऱ्यांपेक्षा बरा मोबदला मिळतो, त्याच्या शिक्षणाची कदर होते, पुढे तो स्वतः मालकही होतो. १९८७ मध्ये जिमी सँडर्स आणि व्हिक्टर नी यांनी मायामीचे क्यूबन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे चिनी तपासून विचारलं, फायदा कोणाचा? त्यांचं उत्तर: मालकांचा. नोकरांना तसा फायदा दिसत नाही. म्हणजे तुम्ही आणि तुमचा मालक एकाच वस्तीबद्दल दोन वेगळे प्रतिसाद लिहाल आणि दोन्ही बरोबर असतील.

आता आडवाट यांच्यासाठी. पांगवणं खरंच फायद्याचं ठरतं का हे तपासणं कठीण असतं, कारण वस्तीत राहणारे आणि बाहेर राहणारे मुळातच वेगळे असतात. धडाडीचा माणूस आधीच बाहेर पडतो. स्वीडनमध्ये मात्र १९८५ पासून काही वर्षं निर्वासितांनी कुठे राहायचं ते सरकार ठरवत होतं, त्यामुळे तुलना करता आली. एडिन, फ्रेड्रिकसन आणि ऑस्लुंड यांनी २००३ मध्ये निष्कर्ष छापला: कमी शिकलेल्यांची कमाई आपल्या लोकांच्या मोठ्या वस्तीत राहून वाढते. पण एक पोटमुद्दा आहे. वस्तीतले लोक स्वतः बऱ्यापैकी कमावते असतील तर फायदा जास्त, तेच हलाखीत असतील तर फायदा उरत नाही.

आडवाट
चष्मिष्ट, हे उपयोगी आहे. पण पैसा म्हणजे सगळं नाही. भाषेचं काय? मुलांचं काय? सिंगापूरने हे जमवून दाखवलंच आहे ना? १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत आणि परिसरात प्रत्येक वंशाचा वाटा ठरलेला. मर्यादा भरली की त्या वंशाच्या माणसाला तिथे घर घेता येत नाही. वांशिक दंगली नाहीत, ठिपके नाहीत.

वेशीबाहेर
ठिपके नाहीत, पण बिल आहे, आणि ते अल्पसंख्याकाच्या नावाने फाटतं. चिन्यांचा वाटा भरलेल्या इमारतीत घर विकायचं असलेल्या मलय किंवा भारतीय माणसाला बहुसंख्य चिनी गिऱ्हाईक चालत नाही. गिऱ्हाईक कमी म्हणजे किंमत कमी, विक्रीला वेळ जास्त. सरकारनेही हा त्रास मान्य करून २०२२ मध्ये अडलेल्यांची घरं परत विकत घ्यायची सोय केली. शिवाय तिथे बहुतेक जनता सरकारी घरांत राहते म्हणून हे शक्य झालं. जिथे घरं खासगी मालकांची आहेत तिथे कोणाला कुठे बसवणार?

दुसरं टोक डेन्मार्कचं. २०१८ च्या कायद्यांनी काही वस्त्यांना 'घेटो' ठरवून वेगळे नियम लावले. त्या यादीत यायला गुन्हे, बेकारी, शिक्षण हे निकष होतेच, पण निम्म्याहून जास्त रहिवासी 'अपाश्चात्त्य' मूळाचे असणं ही अट होती. तिथल्या मुलांना एक वर्षाचं झाल्यापासून आठवड्याला २५ तास पाळणाघर सक्तीचं, नाही पाठवलं तर भत्ता बंद. तेवढीच गरीब पण गोरी वस्ती असेल तर यादीत नाव नाही.

सावली
भाषेबद्दल मी आडवाट यांच्या बाजूने थोडं बोलते, गैरसमज नको.

मी रुग्णालयात दुभाष्याचं काम करते. मोठ्या वस्त्यांतून येणाऱ्या पन्नाशीच्या बायका बघते. नवरे कामावर जाऊन मोडकीतोडकी का होईना भाषा शिकले. या घरात, आणि घराबाहेर वस्ती. भाषेवाचून काही अडलंच नाही. मग एक दिवस अडतं, आणि बारा वर्षांचा नातू डॉक्टर आणि आजीच्या मध्ये बसून आजीच्या गाठीबद्दल बोलतो. नियमाने मुलांकडून दुभाषाचं काम करून घेऊ नये, पण दुभाषी हजर नसला की होतं.

मात्र याच बायका पांगवल्या असत्या तर भाषा शिकल्या असत्या? मला शंका आहे. एकेकट्या पडलेल्याही मी बघितल्या आहेत. त्या भाषाही शिकत नाहीत आणि बोलायला शेजारीणही नसते. जिथे वस्तीतच, दुपारच्या वेळी, मुलांना सांभाळायची सोय करून भाषेचे वर्ग भरतात तिथे याच बायका रांगेत दिसतात. वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला संध्याकाळी सात वाजता ठेवायचा आणि मग 'या शिकत नाहीत' म्हणायचं, हे मला मान्य नाही.

तिरकस
एक शंका. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जपानी कंपन्यांच्या साहेबलोकांची मोठी वस्ती आहे, जपानी शाळेसकट. स्पेनच्या किनाऱ्यावर निवृत्त ब्रिटिशांच्या वसाहतीच्या वसाहती आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना स्पॅनिश येत नाही. त्यांना पांगवायला हवं असं कुठल्या सरकारने म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात आहे का? की खिसा जड असला की त्याला 'समरस न होणं' न म्हणता 'समुद्राचा देखावा' म्हणायचं?

चष्मिष्ट
तिरकस, पैसेवाल्यांचीही वस्ती होते याचं ठळक उदाहरण लॉस एंजेलिसजवळचं मॉन्टेरी पार्क. १९७० च्या दशकात फ्रेडरिक शेह या चिनी-अमेरिकन जमीनविक्रेत्याने ते तैवान आणि हाँगकाँगमधल्या गिऱ्हाइकांना 'चिन्यांचं बेव्हर्ली हिल्स' म्हणून विकलं. लोक थेट विमानतळावरून उपनगरातल्या बंगल्यात आले, जुन्या चायनाटाउनचं तोंडही न बघता. १९९० च्या जनगणनेत तिथे आशियाई बहुसंख्य झाले. आणि हो, तिथेही दुकानांच्या पाट्या इंग्रजीत नाहीत म्हणून १९८० च्या दशकात कडाक्याची भांडणं झालीच. पैसा असला की टीका होत नाही, असं सरसकट नाही.

जुना_खलाशी
या वस्त्या कायमच्या असतात असं धाग्यात गृहीत धरलं जातंय. लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट विणकरांनी प्रार्थनागृह म्हणून बांधली. पुढे मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाची झाली. १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झाली. १९७६ पासून बांगलादेशातल्या सिल्हटहून आलेल्या बंगाल्यांची मशीद आहे. माणसं बदलली. स्वस्त घरं आणि जवळ गोदी, कापडाचं काम, हे आकर्षण तेच राहिलं. आता तिथली भाडी इतकी वाढली आहेत की नव्याने येणारा गरीब तिथे उतरूच शकत नाही.

मी वर लिहिलेल्या मलबेरी स्ट्रीटच्या इटालियनांचं काय झालं? नातवंडं उपनगरांत गेली. २०१० च्या आसपास जनगणना खात्याच्या पाहणीत त्या भागात इटलीत जन्मलेला एकही रहिवासी सापडला नाही. पाट्या, पताका, वार्षिक जत्रा, सगळं जागेवर.

कोरा_कागद
म्हणजे वस्ती गेली, शाखा चालू आहे.

कष्टकरी
सगळ्यांना बाहेर पडता येत नाही, खलाशीकाका. आखातात कामगारांच्या छावण्या शहराबाहेर असतात. एका खोलीत आठ-दहा जण, कंपनीची बस, कंपनीचं जेवण, राहायचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला. कुटुंब आणता येईल एवढा पगार नाही, नागरिकत्वाचा प्रश्नच नाही. तिथे तिसरी पिढी येणार कुठून? ती वस्ती नाही, गोदाम आहे. एकाच देशातले लोक एकत्र राहतात म्हणून दोन्हीला एकच नाव देऊ नका.

आडवाट
कष्टकरींचा मुद्दा पटला. मग मी प्रश्न असा मांडतो: चांगली वस्ती आणि अडकवणारी वस्ती बाहेरून ओळखायची कशी?

चष्मिष्ट
मी तरी किती लोक एकत्र राहतात हे मोजणार नाही. दहा वर्षांपूर्वी तिथे असलेल्यांपैकी किती जण आता दुसरीकडे आहेत ते बघेन. वस्तीचा आकडा तेवढाच राहतो, पण आतली माणसं बदलत असतात, नवे येतात आणि जुने निघतात. एका दिवसाच्या फोटोत हे दिसत नाही, आणि आपण सगळे फोटो बघूनच भांडतो.

वेशीबाहेर
+१. आणि निघालेल्यांना बाहेर घर मिळालं का, की चार घरमालकांनी नाव ऐकून फोन ठेवला, तेही मोजा.

नवखा_पाहुणा
सगळा धागा वाचला. नवीन सदस्य आहे, एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी परदेशी जातोय, बायको आणि पाच वर्षांची मुलगी नंतर येणार. आपल्या लोकांची वस्ती कचेरीपासून लांब आहे. तिथे घर घेऊ की कचेरीजवळ?

सावली
आधी एकटे आहात तोवर वस्तीत खोली घ्या. कागद तयार व्हायला, बँक, डॉक्टर, शाळेचा अर्ज कुठे करायचा हे कळायला तेच सोपं. कोणी कितीही घरचं असलं तरी भाडं रोख देऊ नका, करार स्वतःच्या नावाने करा. (कष्टकरी मान डोलावतील.) बायको येण्याआधी तिला विचारा, दिवसभर ती कुठे असणार आहे? तिचीही नोकरी ठरली असेल तर दोघांच्या मध्ये बघा. नसेल तर पहिली दोन वर्षं वस्तीपासून एका बसच्या अंतरावर राहा. मुलीची काळजी करू नका, ती सहा महिन्यांत तुमचे उच्चार सुधारायला लागेल.

कष्टकरी
मान डोलावली. पासपोर्ट कोणाकडेही 'ठेवायला' देऊ नका, एवढं जोडतो.

नवखा_पाहुणा
आभारी आहे. वस्तीतल्या खोलीचा करार एक वर्षाचा म्हणतात. कचेरीजवळ चांगलं घर आधी मिळालं तर मध्येच सोडता येतं का?

भाडेकरू
सही करायच्या आधी विचारा, नंतर नाही. मुदतीआधी सोडायचं कलम नसेल तर अनामत बुडाली समजा. मालक आपलाच असला तरी.